उजव्या काचेतला उजेड

“चाचाचा उजवा डोळा निस्ता शोभेला हाय. तपासणीला मी असते ना त्याच्या पुढं, मोठ्यानं वाचाया.”

कॅन्टीनच्या नळावर डबा विसळत एक बाई हे सांगत होती. तिच्या शेजारणीनं नजरेनंच माझ्याकडं खूण केली, कारण पुढच्या नळावर मी हात धूत होते. पहिलीनं मान उडवली. “तिला काय कळतंय? विंग्रजीत शिकल्याली हाय ती.”

मला सगळं कळलं होतं. मी चेहरा होता तसा ठेवला आणि हात पुसत निघून गेले. न कळल्यासारखं दाखवणं मला शाळेपासून जमतं. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी गारखेड्यात मी एखादं मराठी वाक्य बोलले की चुलतभावंडं त्याची नक्कल करायची. त्यामुळं दोन्हीकडं गप्प राहणं सोपं पडलं. गप्प राहणाऱ्या माणसासमोर लोक बरंच काही बोलतात.

वाळूजच्या त्या कारखान्यात मी डिझाइन ट्रेनी म्हणून लागले होते. तिथं गिअरबॉक्स जोडत. पहिल्या वर्षी मला एकच काम मिळालं. लाइनवरच्या कामगारांसाठी आरपार दिसणारा चष्मा निवडायचा. काचेतून समोरचं काम दिसतं आणि त्याच काचेवर हिरव्या उजेडात पुढची पायरी उमटते: कोणतं बेअरिंग घ्यायचं त्याचा नंबर आणि ते कुठं बसवायचं त्याचा बाण. कागद बघायला मान वळवायला नको, हात थांबायला नको.

मी तुलनेचा तक्ता केला होता. सुरुवातीची यंत्रं हेल्मेटएवढी होती, वैमानिकांच्या कामातून आलेली. मग टोपीला अडकवायची आली. त्यात एका डोळ्यासमोर बोटभर दांडी आणि दांडीच्या टोकाला काचेचा ठोकळा. त्यानंतर काच पातळ होत गेली. प्रकाश काचेच्या आतूनच सरकत डोळ्यासमोर येऊ लागला, बॅटरी काडीत लपली, आणि शेवटचं मॉडेल तर दुकानातल्या साध्या चष्म्यासारखं दिसत होतं. सगळ्या कंपन्या त्याच दिशेनं चालल्या होत्या. हलकं, सपाट, आणि जोड जितके कमी तितकं चांगलं. माझ्या तक्त्यात टोपीवाल्या जुन्या मॉडेलपुढं, तोट्यांच्या रकान्यात, मी लिहिलं होतं की दांडी फिरवून डाव्या किंवा उजव्या डोळ्यासमोर आणता येते, हा अनावश्यक जोड आहे. नव्या मॉडेलमध्ये चित्र फक्त उजव्या काचेत उमटत होतं. ते रूप मला फार आवडलं होतं. आमच्या विभागाच्या सरांनाही आवडलं. तेच आलं.

लाइनवर त्याला लगेच नाव पडलं, ढापणं. टांग्याच्या घोड्याला लावतात ती. पिक्चर दिसतो का मॅडम, असं जो तो विचारायचा, आणि मी फक्त हसायची. प्रत्येकाच्या नाकावर चष्मा बसवायचा, उजेड कमीजास्त करायचा, मग इंग्रजी फॉर्ममधले प्रश्न विचारून खूण करायची आणि खाली त्यांची सही घ्यायची, हे माझं काम होतं. मी विचारायची, “दिसतंय का?” सगळे म्हणायचे, व्हय. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की तिथं ‘नाही’ म्हणणं म्हणजे आपली नजर कमी झाली असं स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. वर्षातून एकदा नजर तपासायला कारखान्याच्या दवाखान्यात अक्षरांचा तोच तक्ता, त्याच भिंतीवर, सगळे रांगेत उभे राहून एकेक डोळा झाकून वाचत. ज्याला वाचता आलं नाही तो मशिनवरून उठून पॅकिंगला जाई, आणि पॅकिंगमधून पुढं घरी. म्हणून नळावरची ती बाई दरवर्षी चाचांच्या पुढं उभी राहून एकेक अक्षर ठणठणीत वाचायची, आणि चाचा ऐकलेलंच परत म्हणायचे. सगळ्या लाइनला ते माहीत होतं. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं.

चाचा लाइनवरचे सगळ्यांत जुने. बेअरिंग बसवायचा प्रेस त्यांच्याकडं होता. डाव्या हातानं बेअरिंग धरायचं, उजव्या हातानं खालचा भाग सरळ करायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे आणि पायानं पेडल दाबायचं. त्यांचे हात आणि पाय एका तालात चालायचे. नवीन पोरांना ते सांगायचे की आधी हात मोज, मग पाय टाक. लहानपणी त्यांच्या उजव्या डोळ्याला काहीतरी लागलं होतं. वरून काही दिसत नव्हतं.

त्यांना चष्मा लावायची वेळ आली ती नळावरच्या बोलण्यानंतर दोन दिवसांनी. मी चष्मा बसवला. त्यांनी मान इकडंतिकडं फिरवली, मग हळूच डाव्या काचेवर बोट ठेवलं.

“बेटा, हे इकडं नाय बसत का?”

आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे त्यांनी आधी पाहिलं होतं. मी पण पाहिलं. मी म्हणाले, नाही चाचा, डिझाइनच तसं आहे. ते म्हणाले की उजेड तरी वाढवा जरा. मी वाढवला. अजून, म्हणाले. मी शेवटपर्यंत नेला. एवढ्या उजेडात काचेपलीकडचं दिसेनासं होतं, हे मीच माझ्या अहवालात लिहिलं होतं.

फॉर्मवर पहिला प्रश्न होता, चित्र स्पष्ट दिसतं का. मी चाचांना तो विचारला नाही. ‘हो’वर खूण केली आणि कागद पुढं केला. त्यांनी उर्दूत सही केली.

त्यांचा डोळा मी उघड केला तर ते मशिनवरून उठतील, म्हणून मी गप्प बसले, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण फॉर्मच्या गठ्ठ्यात एकच ‘नाही’ आला असता तर सर विचारणार होते की एकाच डोळ्याचं मॉडेल कुणी सुचवलं, हेही खोटं नव्हतं.

चष्मे आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात सरांनी मशिनवरचे पायऱ्यांचे कागद काढून घेतले. आता नंबर फक्त काचेत.

त्या दुपारी मी चाचांच्या पलीकडच्या टेबलावर एकाचा चष्मा पुसत होते. चाचा नंबर वाचायला डावा डोळा मिटायचे, हे मी तेव्हा दोनतीन वेळा पाहिलं. चांगला डोळा मिटायचा म्हणजे अधू डोळ्याला ती हिरवी अक्षरं कशीबशी लागायची. पण तेवढा वेळ त्यांच्यापुढं हिरव्या उजेडाशिवाय काहीच नसणार, प्रेसखालचा स्वतःचा हातसुद्धा नाही. मला ते समजलं. उठून त्यांच्याजवळ जावं असं वाटलं. हातातली काच आधी पूर्ण पुसून घेऊ म्हटलं.

पेडलचा आवाज रोजचाच आला. त्यानंतर लोखंडावर लोखंड बसल्याचा टण् आवाज यायचा, तो आला नाही.

चाचा ओरडले नाहीत. त्यांनी उजव्या हातानं स्विच बंद केला आणि कुणाला तरी हाक मारली. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती. नळावरच्या त्या बाईनं स्वतःचा रुमाल बांधला. कुणीतरी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. काचेत बाण अजून लुकलुकत होता, पुढचं बेअरिंग कुठं बसवायचं ते दाखवत.

हॉस्पिटलात त्यांचे डोळे तपासले गेले. त्यानंतर कारखान्यात अपघाताबद्दल कुणी बोलेना, सगळे डोळ्याबद्दल बोलू लागले. चाचांनी आंधळेपणा लपवला, असं कागदावर आलं. लपवून काम केलं असेल तर अपघाताची जबाबदारी कारखान्याची नाही, आणि त्यांना परत घ्यायचा प्रश्नही नाही. चौकशीच्या पहिल्या बैठकीत सरांनी मला विचारलं की उपकरणात काही दोष होता का. मी इंग्रजीत म्हणाले, नो सर. मला खाली बसायला सांगितलं गेलं.

बजाजनगरात चाचांच्या घरी मी गेले नाही. लाइनवरच्या बायका जाऊन आल्या. नळावर त्या माझ्यासमोर पहिल्यासारखंच बोलत होत्या. बोटं गेली तरी चालंल, पण लबाड ठरवून काढायला नको, असं चाचा म्हणतात म्हणे. एवढ्या वर्षांत एक बेअरिंग तिरकं बसवलं नाय त्यानं. मी हात धुवत राहिले.

दुसऱ्या बैठकीला चाचांना बोलावलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, हाताला पट्टी, आणि तो हात दुसऱ्या हातानं छातीशी धरलेला. टेबलावर फॉर्म होता. खूण माझी, सही त्यांची. सरांनी तो त्यांच्याकडं सरकवला. तुम्हाला स्पष्ट दिसत होतं असं तुम्ही लिहून दिलंय, त्यांनी विचारलं, मग आता काय म्हणणं आहे?

चाचांनी कागद पाहिला. तो कागद भरताना समोर कोण होतं ते त्यांना नक्की आठवत असणार. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं, त्या चांगल्या डोळ्यानं, आणि लगेच नजर वळवली.

“पोरगी नवी हाय, साहेब. तिला काय माहीत नव्हतं. मीच हो म्हणलो.”

सरांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. एवढ्यावर ते संपणार होतं. मला काही कळत नाही असं सांगून आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला वाचवत होतं, आणि त्याची किंमत त्या माणसाची नोकरी आणि नाव होती.

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कारण तो मराठीत होता.

“चाचा हो म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नाही, खूण मी केली. त्यांनी चित्र डाव्या डोळ्यासमोर मागितलं होतं, मी नाही म्हणाले. त्यांचा डोळा अधू आहे हे मला माहीत होतं, आणि तरी उजेड मीच वाढवला.”