आधी त्यांना

चहाचा कप हातात दिला की बाई तो तळहातावर घ्यायच्या, दोनदा फिरवायच्या आणि आमच्या बांधावरच्या दगडाकडे बघून म्हणायच्या, "आधी त्यांना." पहिला कप दगडापुढे ठेवल्याशिवाय त्या स्वतः घोट घेत नसत. हे दोन शब्द त्यांना मीच शिकवले होते. पुढचं ठाऊक असतं तर शिकवले नसते.

बाई जपानच्या. मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत इंजिनियर, त्याच्याकडे राहायला आलेल्या. मी गावच्या शाळेत शिक्षिका, म्हणून मराठी शिकायला माझ्याकडे येऊ लागल्या. थोड्याच दिवसांत माझ्याशी मोजकं आणि आप्पांशी भरभरून बोलायला लागल्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. तुमच्याही पाहण्यात असतील असे वडील, "जेवलीस का?" याच्यापुढे लेकीशी बोलणं नाही. माझे आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते, ब्रह्मदेशच्या लढाईत मारले गेले तेव्हा आप्पा तान्हे होते. हेसुद्धा मला गावातल्या लोकांकडून कळलेलं. आप्पांना विचारलं तर म्हणायचे, "काय सांगायचं? म्या तरी कुठं बघितला?"

बाईंचे वडीलही त्याच लढाईत गेले, समोरच्या बाजूने. दोघांचंही काही परत आलं नव्हतं, अस्थीसुद्धा नाहीत.

जपानमध्ये बाई चहा करायला शिकवायच्या. हो, तिकडे ते रीतसर शिकावं लागतं. त्यांनी पाथरवटाकडून एक काळा दगड घेतला आणि आमच्या बांधावर कडुलिंबाखाली बसवला, लढाईत मेलेल्या सगळ्यांसाठी. त्यावर नाव नाही.

"आजोबांचं नाव तरी घाला," मी म्हटलं.

"मग माझ्या बाबांचं पण," बाई म्हणाल्या. "आणि बाकीचे?"

आप्पांनी लगेच मान डोलावली. माझं कोण ऐकतंय!

दर रविवारी तिथे चटई पडायची. चहाची हिरवी पूड, गरम पाणी, बांबूची इवलीशी रवी. पहिला वाडगा दगडाला, दुसरा आप्पांना. माझ्या चहात साखर जरा कमी पडली तर कप परत धाडणारे आप्पा तो कडू काढा डोळे मिटून प्यायचे आणि वर म्हणायचे, "लई झ्याक!" माझ्या चहाला जन्मात कधी झ्याक म्हणाले नाहीत. मी जळायचे. घरात येऊन भांडी आपटायचे. तेही कुणावर, तर ऐंशीच्या म्हातारीवर.

एका रविवारी गरम पाण्याची किटली घेऊन गेले, तर आप्पा सांगत होते, "आई रोज एक कप जास्त करायची. गुळाचा. दारात ठिवायची, बापासाठी. म्या चोरून प्यायचो. पार गारढोण झालेला असायचा."

बाई रडत होत्या. आप्पाही. मी किटली ठेवून परत फिरले. ती गोष्ट माझ्या घरातली होती, माझ्या हक्काची होती. आप्पांनी ती त्यांना सांगितली, आणि त्यांना ती कळली मी शिकवलेल्या मराठीमुळे.

गेल्या वर्षी बाई मुलाबरोबर परत गेल्या. निघताना माझे हात धरून म्हणाल्या, "तुमचे बाबा आहेत. रोज आहेत." मला तो टोमणाच वाटला.

या दिवाळीत त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई गेल्या.

त्या रविवारी आप्पा म्हणाले, "च्या टाक. गुळाचा." मी तीन कप घेऊन बांधावर गेले: दगडाला, आप्पांना, मला. आप्पांच्या समोर बसायला लागले तर म्हणाले, "तिथं नगं. बाईंची जागा हाय ती."

मेल्यावरही माझ्या आधी तीच! मी बाजूला मातीत बसले. आप्पांनी एक कप दगडापुढे ठेवला, एक त्या रिकाम्या जागेपुढे आणि एक स्वतः घेतला. माझा कप बाईंना गेला.

आप्पांनी आपला कप संपवला. कपातली वाफ केव्हाच थांबली होती. मग आप्पांनी बाईंपुढचा कप उचलला, तळहातावर दोनदा फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

"गार झाला आसंल," ते म्हणाले. "पी. आसाच लागायचा त्यो."

मी सावकाश प्यायले. गारढोण होता.