करारनाम्यात नसलेला झेला

वकिलीची सनद मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि माझ्या हुशारीवर माझाच फार विश्वास होता. शेजारच्या काकूंनी आपली हापूसची बाग तीन वर्षांच्या ठेक्यानं द्यायची ठरवली, तेव्हा करारनामा मीच लिहिला. चांगली चार पानं. बागेची हद्द, झाडांची संख्या, विहिरीचं पाणी, एवढंच काय, बांधावरच्या चिंचा कोणी न्यायच्या तेही लिहिलं. आंबे उतरवायचे कसे, तेवढं लिहिलं नाही. रत्नागिरीत ते लिहितो कोण?

पहिल्याच हंगामाच्या अखेरीस ठेकेदारानं घात केला. पाऊस तोंडावर आला होता आणि उरलेला माल आंबापोळीसाठीच जायचा होता. फळाला मार बसला तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. त्यानं गड्यांच्या हाती काठ्या दिल्या आणि दोन दिवसांत बाग झोडपून काढली. झाडांखाली मोडलेल्या फांद्यांचा सडा पडला. काकू विधवा, ती झाडं त्यांनी कळशीकळशीनं पाणी घालून वाढवलेली. आणखी दोन हंगाम असाच मार बसता तर बाग संपलीच असती. ठेका रद्द करावा म्हणून आम्ही कोर्टात गेलो. काकूंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटत होती.

समोरचे वकील जुने आणि खवट. माझाच करारनामा हातात धरून त्यांनी माझी पिसं काढली. म्हणाले, "ज्यांनी चिंचेचासुद्धा विचार केला, त्यांना झेला हवा असता तर लिहिला नसता?" मुन्सफसाहेब देशावरचे. आंबा देठासकट अलगद उतरवायची ती जाळी बांधलेली काठी त्यांनी पाहिलीही नव्हती. त्यांनी मान डोलावली.

मग त्या वकिलांनी ठेकेदाराचा म्हातारा गडी साक्षीला उभा केला. झेला वापरा असं आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं, असं तो शपथेवर म्हणाला. वकील समाधानानं खाली बसले. मी उठलो.

"बाबा, आंबे किती वर्षं उतरवता?"

"मिसरूड फुटल्यापास्नं."

"इतक्या वर्षांत झेला घ्या म्हणून कोणी सांगितलं होतं?"

"न्हाय. त्ये काय सांगाया लागतं?"

"मग या वेळी काठी का घेतलीत?"

"शेटनी सांगतलं म्हनून. येरवी आंब्याला काठी कोन लावनार?"

समोरचे वकील हरकत घ्यायला ताडकन उठले. मुन्सफसाहेबांनी ते उत्तर पुन्हा एकदा वदवून घेतलं. निकालात त्यांनी स्वच्छ लिहिलं, की जी गोष्ट दोन्ही पक्ष धरूनच चालतात ती कागदावर नसली तरी करारात असते, आणि ठेकेदारानं ती मोडली आहे. ठेका रद्द. मला हसू आवरेना. भर कोर्टात हसलो, आणि त्याचं आजही काही वाटत नाही.

काकू बाहेर पायरीवर बसल्या होत्या. निकाल सांगितला तशा पदरात तोंड लपवून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "झाडं वाचली रे. ती गेली असती, तर तुझी चार पानं घेऊन मी काय करणार होते?"

 मी पगडी नीट केली, आणि जवळची वाट सोडून काकूंना भर बाजारातून घरी नेलं.