मतलब ठाऊक असलेले शब्द

कंधारच्या बसस्टँडसमोरचे पंक्चरवाले चाचा माझ्याशी मोबाइलवर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ खेळतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि रोज हरतो. 'झॅक्स' लावला, की पाण्यात बुडवलेल्या ट्यूबचे बुडबुडे बघत चाचा सांगतात, "छपराच्या फरशा तोडायची कुऱ्हाड हाय ती, सर." अर्थ ठाऊक नसलेला शब्द ते लावतच नाहीत, मग डाव गेला तरी चालेल.

परवा पाठ केलेल्या यादीतला 'कूम' लावून मी पहिल्यांदाच जिंकलो.

"मतलब?" चाचांनी विचारलं.

"ठाऊक नाही. पण खेळात चालतो."

चाचा टायर चढवत राहिले.

काल मला बघताच त्यांनी पान्हा खाली ठेवला. "कूम म्हंजे बर्फानं कोरलेली डोंगरातली दरी. आता जिंकलात, सर. मुबारक."