ताईने बसवलेलं सॉकेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गिऱ्हाइकांना तर नाहीच — ती मला उस्ताद म्हणतात, आणि मी म्हणू देतो. मग आज तुम्हाला का सांगतोय? कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल, म्हणून सांगतो.

पण आधी ताईबद्दल बोलू द्या. सुषमाताई, माझी मोठी बहीण. कशेळीची जमीन गोदामवाल्यांना गेली, त्या पैशात वडिलांनी भिवंडीत धामणकर नाक्यामागे चार पॉवरलूम टाकले, आणि बारावी झालेली ताई त्या लूमच्या कांड्यांवर सूत भरत बसली. गरीब गाय वगैरे समजू नका हं. तोंडाची फटकळ, आणि स्वतःच्या हुशारीचं तिला भारी कौतुक. पण कौतुक करावं अशीच होती ना! घरचा मिक्सर, शेजारणीचा टेप, लूमचा स्टार्टर — बिघडलेली वस्तू दिसली की हिचे हात शिवशिवायचे. उघडायची, नाक जवळ नेऊन वास घ्यायची आणि "हितं जळलंय" म्हणायची. बरोबर निघायचं. मला हेवा वाटायचा का? वाटायचा.

लूमच्या शेडमागेच आमचं घर होतं, आणि शेडच्या पुढच्या खोलीत मी व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं होतं. दोन हजार साल नुकतंच मागे पडलेलं. दोन टीव्ही, दोन कन्सोल. शुक्रवारी लूम बंद, म्हणजे सगळी भिवंडी मोकळी, आणि माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. प्रत्येकाला गाड्यांची रेस हवी. पण एकाच पडद्याचे दोन तुकडे करून दोघं खेळणार म्हणजे भांडण ठरलेलं — तू माझ्या अर्ध्यात का बघतोस! माझा जुना राखाडी कन्सोल मागून केबल लावून दुसऱ्याला जोडता यायचा. मग ज्याचा त्याचा टीव्ही वेगळा. दुसरा कन्सोल मात्र नंतरचं छोटं, पांढरं मॉडेल. त्यात केबलचं सॉकेटच नव्हतं. कंपनीने ते काढूनच टाकलेलं.

मी म्हटलं, आपलं नशीब. ताईने स्क्रू काढले. आत बोर्डावर तिला ठिपक्यांची एक रिकामी रांग दिसली. "सॉकेट काढला, पन जागा ठेवलीय मेल्यांनी!" म्हणाली, आणि अशी हसली की जणू कंपनी तिच्याच हाती सापडली होती.

भंगारातून आणलेल्या एका मेलेल्या राखाडी कन्सोलचं सॉकेट तिने अलगद उतरवलं. मोटार वाइंडिंगवाल्याकडून केसासारखी तांब्याची तार आणली. चालू राखाडी कन्सोलवर मीटर लावून कुठला ठिपका कुठल्या पिनेला जातो ते शोधलं. तारा जोडून ताण्याच्या दोऱ्याने एकत्र बांधल्या, पांढऱ्या कव्हराला मागे कानशीने चौकोन पाडला. इतकं सुबक, की माल कारखान्यातूनच तसा आलाय असं वाटावं. या सगळ्यात मी काय केलं? चहा आणून दिला.

केबल जोडली, तर काहीच नाही. दोन्ही पडदे एकमेकांची वाट बघत बसले. ताई कुणाशी धड बोलेना. मग एके दुपारी जेवता जेवता एकदम थांबली आणि डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. आमच्या लूमवर कापड सुलटी बाजू खाली ठेवून विणलं जायचं. डोळ्यांना दिसते ती उलटी बाजू. डावं-उजवं मनातल्या मनात फिरवून घ्यायचं, ही नजरेला लहानपणापासून लागलेली सवय. सॉकेट बघतानाही तिने पिनांची रांग तशीच फिरवून घेतली होती — गरज नसताना. "मी मशीन बघितलीच न्हाय रं, कापड बघितला!" स्वतःची चूक इतक्या आनंदाने पकडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. उष्टा हात धुऊन तिने तारा उलट क्रमाने पुन्हा जोडल्या, आणि दोन टीव्हींवर एकच रेस धावायला लागली.

आता युनूसभाई. नाक्यावर त्यांचं रिपेअरिंगचं मोठं दुकान होतं, आणि बारीक कामाला त्यांना माणूस हवा होता. ती जागा ताईला हवी होती. नुसती हवी नव्हती — त्याआधी तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. "शुक्रवारी त्यांना बोलव. आधी काम बघू दे, मग माजा नाव सांग." शुक्रवारच्या पुरुषांच्या गर्दीत ती पुढे येत नसे. ती मागे स्वयंपाकघरात थांबली.

युनूसभाई आले. रेस बघितली, मग मला कव्हर उघडायला लावलं. भिंग लावून ते तारांचे सोल्डर केलेले सांधे कितीतरी वेळ बघत राहिले.

"किसका हाथ है ये?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो — मेरा.

जीभ घसरली म्हणावं का? नाही. घसरली असती तर तिथेच थांबली असती. त्यांनी विचारलं, दिक्कत कहाँ आई? आणि मी ताईचं वाक्यसुद्धा उचललं. मशीन नहीं, कपड़ा देख रहा था. ते खदखदून हसले. "अपनी गलती पकड़ना आता है तुझे. कल से आ जा." दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारे पुष्कळ असतील. मी बहिणीची चूकदेखील चोरली.

मागे गेलो. ताई ओट्याला टेकून उभी होती. काय म्हणाले? मी म्हणालो — काम आवडलं त्यांना, पण मुलींना घेत नाहीत. मला ये म्हणाले.

असं युनूसभाई बोललेच नव्हते. मुलींचा विषयच निघाला नव्हता.

ताई रडली नाही. भंगारातलं एक बोर्ड काढून तिने माझ्यापुढे ठेवलं. उद्या तिथे माझी फजिती होऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी माझ्या हातावर हात ठेवून तिने मला सांधा द्यायला शिकवलं. "घाई करू नको, आधी पिन तापू दे," असं सारखं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकलं, तर पहिल्याच टेबलावर युनूसभाईंची पुतणी सोल्डरिंग करत बसलेली. घरी येऊन हे सांगितलं का? नाही सांगितलं. अजूनही सांगितलेलं नाही.

पुढे ताईला अंबाडी गावात दिली. मी युनूसभाईंकडे शिकलो, मग माझं स्वतःचं दुकान झालं. बरं चालतं. हाताला गुण आहे म्हणतात लोक.

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो होतो. तिची मुलगी दहावी झालेली; डिप्लोमाला जाते, इलेक्ट्रॉनिक्स घेते, म्हणून हटून बसली होती. ताईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि लेकीला समजावलं, "त्या लायनीत पोरींना घेत न्हाईत, बाय. माजा झाला ना तसाच. इचार मामाला."

भाची माझ्याकडे वळली. "खरं का, मामा?"

मी हो म्हणालो. जूनमध्ये तिने कॉमर्सला नाव घातलं.