टोपीची पिन

मगदूम सर डोक्यावरची टोपी एकाच कामासाठी काढत. सांगलीतल्या आमच्या शेडमध्ये शेतीपंपांचे ऑटो बनतात, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या पेट्या. नवी पेटी तयार झाली की सर तिच्या खुंटीला आपली पांढरी टोपी अडकवत आणि मला विचारत, "दिसली का गं पेटीला टोपी?"

मी मलकापूरहून नुकतीच नोकरीला आले होते. एवढा शिकलेला माणूस पेटीला टोपी घालतो हे पाहून मला वाटलं, गडी जरा सरकलेला आहे.

कारण नंतर कळलं. आमच्याकडे विहिरीत मोटारीपाशी उतरणारा माणूस आपली टोपी वर स्टार्टरला अडकवून जातो. खाली माणूस आहे, बटण दाबायचं नाही, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. सरांच्या थोरल्या भावानेही तेच केलं होतं. पण त्या स्टार्टरला सरांनी इंजिनिअर झाल्याच्या हौसेने स्वतः बनवलेला पहिला ऑटो बसवला होता. लाइट आली, ऑटोने मोटार सुरू केली आणि दादांच्या खांद्यावरचा टॉवेल मोटार-पंपाच्या फिरत्या जोडात ओढला गेला. टॉवेलबरोबर दादाही गेले. सर धावत पोहोचले तेव्हा टोपी जागच्या जागी लटकत होती.

"दादानं सांगून ठिवलं हुतं," चहा पिता पिता सर मध्येच म्हणत. "माझ्या यंत्राला ते कळलं न्हाई." मग चहा तसाच निवत राही.

म्हणून ती खुंटी. टोपीच्या भारानेही ती झुके, पेटीतल्या सर्किट बोर्डावरच्या शेवटच्या पिनेला ते कळे, लाल दिवा लागे आणि मोटार अडून राही.

एकदा जास्त पिनांचा नवा बोर्ड आला. पेटीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे बोर्ड आणि प्रोग्राम यांच्यामधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, किती पिना मोजायच्या याची मर्यादा भरावी लागते. तिच्यापुढची पिन डोळ्यांसमोर डाग देऊन जोडलेली दिसत असली तरी कर्नेलच्या लेखी ती जन्मालाच आलेली नसते. बोर्डाबरोबर आलेल्या कर्नेलमध्ये मर्यादा जुनीच राहिली होती आणि टोपीची पिन तिच्या बाहेर पडली होती. सरांनी टोपी अडकवली. लाल दिवा लागला नाही. मोटार चालवणाऱ्या प्रोग्रामने पिन मागितली, कर्नेलने नाही म्हटलं, आणि प्रोग्राम समजला की टोपीच नाही. टेबलावरची चाचणीची मोटार घरघरत सुरू झाली.

"दादा, वर ये!"

सर ओरडले. भर दुपारी, भरल्या शेडमध्ये. मी धावत जाऊन मोटार बंद केली. सर खुर्चीत बसले, पण नजर टोपीवरच.

मी मर्यादा वाढवली. दिवा लागला. "झालं, सर."

"न्हाई झालं. उद्या आनि कुनी नवा बोर्ड आनला तर? पिन घावली न्हाई की प्रोग्राम काय धरतो?"

"खाली कुणी नाही, असं."

"उलटं कर. दिसत न्हाई म्हंजे न्हाई, आसं नसतं गं. दिसत न्हाई म्हंजे हाय, आसं धरायचं."

"मोटारी उगाच अडतील, सर. शेतकरी शिव्या देतील."

"देऊ देत. शिव्या द्यायला मानूस वर तर आसंल."

मी प्रोग्राम तसा उलटा केला. पुढे सर वारले ते घरी, झोपेत. आदल्या संध्याकाळी एक पेटी तपासली आणि टोपी खुंटीवरच विसरून ते घरी गेले. टोपी ते कधी विसरत नसत. माती देऊन आम्ही शेडमध्ये परतलो, तर त्या पेटीचा लाल दिवा लागलेला.

पेटी रहिमतपूरच्या गिऱ्हाइकाची होती. त्यांना मी दुसरी पाठवली. परवा शेडचे मालक वैतागून म्हणाले, "बाई, काढा की आता ती टोपी. खाली कोन हाय?"

कुणी नाही. मला ठाऊक आहे. पण मी खुंटीपर्यंत जाते आणि हात मागे घेते. दिवा अजून लाल आहे. सर दिसत नाहीत, म्हणजे आहेत, असं धरायचं.