दूध म्हणायचं न्हाई

आमच्या मराठीच्या खरातबाईंच्या खिरीची वाटी हातात पडायची, पण लगेच तोंडाला लावायची सोय नव्हती. आधी चांदणं कशासारखं दिसतंय ते सांगायचं. 'दुधासारखं' म्हटलं की वाटी परत पातेल्याशेजारी. "ते गाईडवाल्याचं हाए, तुझं सांग," म्हणायच्या.

आश्विन पौर्णिमेला विहारातला वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम उरकून बाई खिरीचं पातेलं घेऊन थेट कुंभार पिंपळगावातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर यायच्या. दिवेलागणीला दहावीचा वर्ग गोळा व्हायचा. पुस्तकात चांदण्यावरची एक कविता होती. तिच्यात चांदणं पाय न वाजवता अंगणात उतरतं. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागली की चेतनगुणोक्ती, एवढं घोकून आम्ही मोकळे! बाईंनी विचारलं, पाय न वाजवता तुमच्या घरात कोण येतं? कुणी मांजर म्हणालं, कुणी उशिरा परतलेला भाऊ. एक पोरगी म्हणाली, बाळाला नुकतंच झोपवलेली आई.

"बराबर. आता कवीला कोण दिसलं असंल ते बघा. अलंकाराचं नाव मंग येतंय मागून."

मला मात्र त्या संध्याकाळी काही म्हणता काही सुचत नव्हतं. पहाटे मुकादमाचा ट्रक निघणार होता. दर साली मी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परतून कशीबशी परीक्षा द्यायची. नववीपर्यंत असं ढकललं, दहावीला ते चालणार नव्हतं. पोरीला माझ्याकडं ठेवा, असं बाईंनी वडिलांना घरी येऊन सांगितलं होतं. वडील म्हणाले, आमच्या आळीतले लोक काय म्हणतील? बाईंच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे लोक होते ते. बाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच!

"लोक हिचा पेपर लिहायला येणार हाएत का?" एवढंच त्या बोलल्या. वडील उठून गेले.

माझी सांगायची पाळी आली तेव्हा तेच वडील मला न्यायला येऊन फाटकाशी उभे होते. मी म्हणाले, "पाचटासारखं."

पोरं खिदळली. बाईंनी नुसतं विचारलं, कसं काय? मग मी सांगत गेले. ऊस तोडला की त्याची वाळकी पानं फडात पसरतात, चंद्र असला की पांढुरकी दिसतात. तीच आम्ही कोपीत, फडाकडेच्या आमच्या झोपडीत, अंथरून निजतो. ऊब येते, पण अंगाला चरे पडतात. बोलता बोलता मला रडू फुटलं.

बाईंनी माझी वाटी माझ्याकडे सरकवली आणि दुसरी भरून फाटकाशी नेली. आमच्या आळीतली दोघं-तिघं तिथंच उभी होती. त्यांच्या देखत वडिलांनी वाटी घेतली आणि उभ्यानंच खीर खाल्ली. वाटी परत देताना म्हणाले, "राहू द्या बाई हिला. पाचटावर निजायला आम्ही दोघं बस्स हाओत."

ट्रक माझ्याविना गेला. उन्हाळ्यापर्यंत मी बाईंकडे राहिले. त्या घोरायच्या भयंकर, पण माझ्या ताटात भाकरी कधी कमी पडू दिली नाही. आज मी वाटूरला मराठी शिकवते.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात मी भाषण ठोकलं की बाई नसत्या तर माझ्या हातात आज कोयता असता. टाळ्या पडल्या. बाई तडक उठल्या आणि माईक माझ्या हातातून काढून घेतला.

"हिला मी दोन घास घातले, त्यात काय मोठं? त्या साली हिच्या वाटच्या मोळ्या हिच्या मायनं डोक्यावर वाहिल्या. ती तिकडं खाली बसून राह्यलीय, तिला कुणी खुर्ची बी दिली न्हाई. हिनं बी न्हाई."

मी पाहिलं. आई सतरंजीच्या कडेला मान खाली घालून बसली होती. बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. पाहुण्यांनी किती विनवलं, पण त्या काही उठल्या नाहीत. उरलेला सत्कार आम्हाला सतरंजीवरच करावा लागला, दोघींचा.