पोटॅश वजा करून उरलेलं

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. यंत्रं उघडून शिकलो. गुरू नाही, पदवी नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. वत्सला गायकवाड, पुढे आम्हां सगळ्यांच्याच बाई, एक तापमापक यंत्र दुरुस्तीला घेऊन आल्या. "पाव अंशाचा फरक दाखवील का?" मी म्हटलं, "दाखवील." दाखवला. तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं मीच सांभाळू लागलो.

डीएनए एरवी दोन पदरांचा असतो. काही ठिकाणी त्याची चार पदरी घडी पडते. तापवलं की ती उकलते. एखादा छोटा रेणू घडीला चिकटून तिला धरून ठेवतो का, हे बाई शोधत होत्या. त्यांचे विद्यार्थी, लोणी भापकरचे संतोष, यांनी बनवलेल्या अशा एका पदार्थाने घडी फारच उशिरा, म्हणजे बरंच जास्त तापवल्यावर, उकलू लागली. प्रबंध तयार झाला. नोकरी त्याच्यावरच अडली होती.

बाईंना मात्र चैन पडेना. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "बाई, माझं यंत्र चुकत न्हाय."

"यंत्र खरंच बोलतंय, दत्ताराव. आपण त्याला काय पाजलं ते बघू."

पदार्थ घातला की द्रावण आंबट होई. ते सुधारताना संतोष पीएच, म्हणजे आंबटपणा, मोजायची कांडी त्यातच बुडवून ठेवत. कांडीतून पोटॅशियमचं मीठ झिरपतं, आणि पोटॅशियम स्वतःच ती घडी आवळतं. बाईंनी नुसती कांडी बुडवलेलं द्रावण घेतलं, पदार्थ घातलाच नाही. तरी घडी उशिराच उकलली.

संतोष खाली बसले. "बाई, घरी काय सांगू?"

"मी येते सांगायला."

गेल्या, आणि मलाही नेलं. ओसरीवर संतोषच्या वडिलांना म्हणाल्या, "तात्या, चूक माझी. मला आधी दिसायला हवं होतं. बळ पोटॅशचं होतं, पदार्थाचं नव्हतं."

"आमी उसाला घालतो त्येच पोटॅश?"

"तेच."

"मग यायचंच की बळ." तात्या हसले. मग पोराकडं बघून म्हणाले, "पोटॅश न घालता करून बघा. काय उरंल त्ये तुमचं."

तसंच केलं. द्रावणात मीठ लिथियमचं घेतलं, ते घडी आवळत नाही. पीएच मोजायला थोडं द्रावण वेगळं काढायचं आणि मोजून ओतून द्यायचं. घडी पूर्वीइतकी नाही, पण पदार्थाशिवाय उकलायची त्यापेक्षा उशिराच उकलली. तेवढंच प्रबंधात गेलं. नोकरी वर्षभर लांबली, पण मिळाली. आज संतोष इंदापुरात शिकवतात.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि प्रयोगशाळेच्या दारात चपला काढता काढताच त्यांनी आम्हांला विचारत राहावं, "कांडी कुठल्या बाटलीत आहे?"